टिपणीस आणि एकच डोंगर

मधुकर टिपणीस या माणसाचा मला जेवढा राग आला, तेवढा आजवर कुणाचाही आला नसेल. नवऱ्याचासुद्धा नाही, आणि माझ्या नवऱ्याला ओळखणारे म्हणतील की बाई, हे जरा जास्तच झालं. पण भांडणाऱ्या माणसाचा राग येतो आणि जातो. टिपणीस भांडायचेच नाहीत. आपण घसा कोरडा करून एखादी गोष्ट पटवायला जावं, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घ्यावं, मान डोलवावी, 'बरोबर आहे दळवी तुमचं' असं म्हणावं आणि मग स्वतःला करायचं तेच करावं. असल्या माणसाचं करायचं काय?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपर पश्चिमेला, एका साड्यांच्या दुकानाच्या वर, जयंतीभाईंची टूर कंपनी होती. कंपनी म्हणायची आपली. दोन खोल्या, एक टेलेक्स, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं पोस्टर आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी पाण्याचा माठ. मी तिथे व्हिसा आणि तिकिटांचं बघायची आणि टिपणीस आमचे टूर मॅनेजर. दर मे महिन्यात चाळीसेक माणसं घेऊन ते युरोपला जायचे. 'सतरा दिवसांत नऊ देश' ही आमची सगळ्यात जोरात चालणारी टूर. पहाटे उठवायचं, बसमध्ये कोंबायचं, एक राजवाडा, एक चर्च, एक पूल दाखवायचा, मुंबईहून सोबत नेलेल्या स्वयंपाकी महाराजांनी केलेला बटाट्याचा रस्सा खायला घालायचा आणि पुढच्या देशात नेऊन टाकायचं. लोक खूश, जयंतीभाई खूश. नाराज एकटे टिपणीस.

माणूस उंच, जरासा पोक काढून चालणारा. मुलुंड पूर्वेला राहायचे. बायको शाळेत शिक्षिका, दोन मुली. खारे शेंगदाणे एकेक करून खायचे. पुडीतला शेवटचा दाणा संपेपर्यंत फोन कोकलत राहिला तरी उचलायचे नाहीत, आणि तो मी उचलायचा, हे ओघानंच आलं. चहा बशीत ओतून, निवतोय का ते बघत बसायचे. खाली रस्त्यावर डांबर टाकायला रोड रोलर आला तर खिडकीत उभे राहून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईस्तोवर बघायचे. अहो, काय बघायचंय त्यात? मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तो कसा परत येतो ते बघतोय."

ऑफिसात कुणी धापा टाकत जिना चढून आलं आणि दारातूनच बोलायला लागलं की टिपणीस खुर्ची पुढे सरकवायचे. "आधी पोचा, मग बोला." गिऱ्हाईक गोंधळायचं. 'अहो, पोचलोय की, तुमच्यासमोर उभा आहे!' टिपणीस नुसते हसायचे. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचं म्हणणं असं की आमचे प्रवासी कुठेच पोचत नाहीत. पुढे पुढे पळतात आणि घरी परत येतात.

त्याला पुरावाही त्यांना मिळाला होता. आमच्या टूरवर जाऊन आलेले एक गृहस्थ फोटोंचा गठ्ठा घेऊन ऑफिसात आले होते. बायको घड्याळाच्या मनोऱ्यापुढे उभी, स्वतः घड्याळाच्या मनोऱ्यापुढे उभे, दोघं मिळून घड्याळाच्या मनोऱ्यापुढे उभी. "मॅडम, एक विचारायचं होतं. हे घड्याळ कुठल्या देशातलं हो? अल्बममध्ये लिहायचंय." मला हसू आवरेना. टिपणीस मात्र हसले नाहीत. त्यांनी देशाचं नाव सांगितलं आणि त्या दिवशी दुपारचा डबा तसाच घरी नेला.

मग मढला ऑफिसची पिकनिक झाली. आदल्या दिवसापासून मी मरमर मेले होते. वडापावची ऑर्डर, पाण्याचे कॅन, बंगल्याच्या वॉचमनशी वाद. पोचल्या पोचल्या कळलं की शेजारच्या बंगल्यात शूटिंग चालू आहे. झालं! सगळे त्या कंपाउंडवर लोंबकळायला पळाले. टिपणीस समुद्राकडे तोंड करून वाळूत बसले ते बसले. मी पत्रावळ्या मांडतेय, ते बसलेत. मी लोकांना जेवायला हाका मारतेय, ते बसलेत. मी शेवटी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"टिपणीस, जरा हातभार लावाल का? का मी एकटीनेच पिकनिक करायची?"

ते पटकन उठले, निमूटपणे पत्रावळ्यांवर वाढायला लागले. वाढता वाढता म्हणाले, "दळवी, तुम्ही शेवटचं कधी बसलात?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही न करता. नुसतं."

माझं डोकंच फिरलं. "टिपणीस, मी भांडुपच्या चाळीत राहते. पहाटे नळाला लाइन लावून येते आणि घरी गेल्यावर पोळ्या लाटते. नुसतं बसायला ऐपत लागते, कळलं का? ती तुमच्याकडे असेल, माझ्याकडे नाही."

"बरोबर आहे दळवी तुमचं," ते म्हणाले. आणि मला वाटलं विषय संपला. कसला संपतोय! त्या दिवसापासून हा माणूस त्या एका कल्पनेच्या मागे हात धुऊन लागला.

कल्पना अशी. एका टूरवर त्यांची बस नादुरुस्त झाली आणि सगळ्यांना स्वित्झर्लंडमधल्या एका गावात रात्र काढावी लागली होती. श्रीमंतांचं गाव. हिवाळ्यात तिथे जगभरची बडी माणसं बर्फावर घसरायला येतात. पायांना लांब पट्ट्या बांधून घसरायचं, दमलं की गच्चीवर आरामखुर्चीत घोंगडी पांघरून उन्हात पडायचं, संध्याकाळी घोड्याच्या घसरगाडीतून फिरायचं, गरम पाण्याच्या तलावात डुंबायचं. आठ-आठ, दहा-दहा दिवस एकाच गावात. टिपणिसांनी तिथल्या म्हाताऱ्या हॉटेलवालीला विचारलं होतं की ही माणसं इतके दिवस करतात तरी काय. ती म्हणाली होती, सुट्टी घेतात. एवढंच. ते ऐकून हा माणूस वेडा झाला. नाताळच्या सुट्टीत आपली टूर न्यायची. एक देश, एक गाव, एक हॉटेल, आठ दिवस. समोर एकच डोंगर.

जयंतीभाईंनी कपाळावर हात मारला. "टिपणीस, तुमी सांगा मला. माणूस पैसा भरणार, विमानात बसणार, एवढ्या लांब जाणार, आणि तिकडे जाऊन काय करणार? बसणार? अरे, बसायला घरी हिंचका हाय ना!"

"एकदा नेऊन बघू, जयंतीभाई."

"आणि लोकांनी बोंब मारली तर?"

टिपणीस म्हणाले, "तर मी पुन्हा परदेशाची टूर करणार नाही. तुम्ही म्हणाल ते काम करीन. शब्द देतो."

मी टाइप करता करता थांबले. परदेशाच्या टूर हाच त्या माणसाचा जीव होता, दुसरं काही येतही नव्हतं त्यांना. "काय गरज होती शब्द द्यायची?" मी नंतर चिडून विचारलं. "लोक बसणार नाहीत, टिपणीस. तुम्ही आपल्या लोकांना ओळखत नाही का?" त्यांनी मान डोलवली. बरोबर आहे दळवी तुमचं.

मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये प्रवाशांची माहिती सभा झाली. बावीस माणसं जमली होती. त्यात अंधेरीचे चौबळ पहिल्या रांगेत. बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले, हातात वही-पेन, शेजारी बायको. तिचं नाव सुमन, पण आम्ही सगळे चौबळवहिनीच म्हणायचो. टिपणिसांनी पाऊण तास बर्फाची, उन्हाची, शांततेची माहिती दिली. मग चौबळांनी हात वर केला.

"तिथे पॉइंट किती आहेत?"

"कसले पॉइंट?"

"अहो, सनसेट पॉइंट, एको पॉइंट. डोंगर म्हटला की पॉइंट असणारच ना. माथेरानला आहेत, महाबळेश्वरला आहेत."

"पॉइंट नाहीत," टिपणीस म्हणाले. "एक डोंगर आहे. हॉटेलच्या गच्चीवरून दिसतो."

"मग आठ दिवस पाहायचं काय?"

"पाहायचं नाही, राहायचं. बर्फात खेळायचं, फिरायचं, आणि मुख्य म्हणजे बसायचं."

हॉलभर हशा पिकला. लोकांना वाटलं, टिपणीस काय गमती आहेत! पुढचं सगळं रामायण तिथेच ठरलं. कारण माणसं 'हो हो' म्हणाली, पण प्रत्येकजण मनात धरून चालला होता की स्वित्झर्लंड म्हटल्यावर रोज सकाळी बस लागणारच. मी दाराजवळ उभी होते. मला चेहऱ्यांवरून कळत होतं. मी टिपणिसांना बाजूला घेऊन सांगितलंही, की पुन्हा एकदा स्पष्ट सांगा, बस नाही म्हणजे नाही. ते म्हणाले, "सांगितलं ना. एकदा तिथे गेले की त्यांचं त्यांना कळेल."

सहार विमानतळावर निरोपाला प्रत्येक प्रवाशामागे दहा-बारा माणसं. हार, नारळ, पेढे, हळदीकुंकू. चौबळांच्या गळ्यात तर इतके हार की त्यांना तिकीट दिसेना. मदतनीस म्हणून मलाही नेलं होतं. माझा पहिला परदेश प्रवास! भाड्याचा ओव्हरकोट आणि शेजारणीचे बूट.

गाव मात्र होतं बाई देखणं. खोटं कशाला बोलू. दुकानाच्या काचेत एकच घड्याळ ठेवलेलं आणि त्यावर किमतीची चिठ्ठीच नाही. बायका केसाळ कोटांत, त्यांच्या कुत्र्यांना स्वेटर. आणि त्यांच्यामधून आमची वरात. माकडटोप्या, साडीखाली लोकरी पँटी, हातात कॅमेरे. आमचं हॉटेल गावाच्या टोकाला होतं. मागच्या स्वयंपाकघरात महाराजांनी पोह्यांना फोडणी दिली आणि जिन्यापर्यंत हिंगाचा वास गेला. पुढे लाकडी गच्ची, ओळीने आरामखुर्च्या, प्रत्येकीवर घडी घातलेली घोंगडी आणि समोर तो डोंगर.

टिपणिसांनी आठ दिवसांचं सगळं विचारपूर्वक योजलं होतं. पहिल्या दिवशी नुसतं गावातून चालायचं. मग एका दिवशी लाकडी घसरगाडी, एका दिवशी पट्ट्यांवरून घसरायला शिकायचं, एका दिवशी घोड्यांची गाडी, मग स्केटिंगचा रिंक, मग तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर, मग गरम पाण्याचा तलाव. एका दिवशी एकच गोष्ट. बाकीचा वेळ गच्चीवर.

आमच्या लोकांनी ते सगळं दीड दिवसात उरकलं.

कसं उरकलं ते मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते. घसरायला शिकवायला एक गोरा, लालबुंद गालांचा तरुण आला होता. तो गुडघे वाकवून दाखवतोय, हातवारे करतोय. चौबळ पुढे झाले, पायात पट्ट्या बांधून घेतल्या, काठ्या हातात धरल्या, काळा चष्मा लावला आणि बायकोला म्हणाले, "घे फोटो." खटक. "सोडा पट्ट्या." पुढचा माणूस. त्याच पट्ट्या, त्याच काठ्या, तोच चष्मा. कुणीतरी त्या तरुणाच्या अंगातलं लाल जाकीटसुद्धा मागून घेतलं. बावीसच्या बावीस माणसांनी ते एकच लाल जाकीट घालून, एकाच जागी उभं राहून फोटो काढले. एकजण वीतभर घसरला असेल तर शपथ. वहिनींनी सहावारीवर ते जाकीट चढवलं आणि लाजून हसल्या. तो बिचारा पोरगा बनियनवर थंडीत कुडकुडत उभा. टिपणीस सांगतायत, "अहो, थांबा, शिकून तरी घ्या, मजा येईल." ऐकतंय कोण?

रिंकवर कठडा धरून फोटो. घोड्याच्या गाडीत चौघं चौघं बसून, गाडी जागेवर असतानाच फोटो. तलावात पाय बुडवून फोटो. पाळण्यातून वर गेलो, वर पाच मिनिटं थंडी वाजवून घेतली, खाली आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून हात पुसता पुसता चौबळ म्हणाले, "झालं. झकास झालं. आता पुढे काय?"

"पुढे हेच," टिपणीस म्हणाले. "आता निवांत."

तिसऱ्या दिवशी सगळी पांगापांग झाली. पुरुषांनी पत्ते काढले. बायका स्वयंपाकघरात घुसून महाराजांच्या मानगुटीवर बसल्या. एकीने घरून आणलेलं पुरण काढलं. तळमजल्यावर अंताक्षरी इतकी रंगली की हॉटेलवाली बाई ओठांवर बोट ठेवून उभी राहिली. आणि टिपणीस? ते एकेकाला गच्चीवर नेऊन खुर्चीत बसवत होते. "दहा मिनिटं बसा फक्त. ऊन सरकलं की डोंगराचा रंग बदलतो." माणूस बसायचा. डोंगराकडे बघायचा. "हं. छान आहे हो." आणि उठायचा. मलाही बसवलं त्यांनी. मी बसले, घोंगडी घेतली, आणि खरं सांगते, मला बसताच येईना. सारखं वाटायचं, आत्ता कुणीतरी ओरडेल. दोन मिनिटांत मी उठून आत गेले, आणि आत गेल्यावर त्यांचाच राग आला. एवढं करून काय मिळवतोय हा माणूस?

दुपारी ते कॉरिडॉरमधून माझ्याकडे जवळजवळ पळत आले. टिपणीस, आणि पळत!

"दळवी, या. आवाज करू नका."

गच्चीवर शेवटच्या खुर्चीत चौबळवहिनी होत्या. पायातले बूट काढून ठेवलेले, घोंगडी हनुवटीपर्यंत, तोंडावर ऊन आणि चक्क घोरत होत्या. बारीक आवाजात. जेवल्यावर आल्या, टिपणिसांनी काही न सांगता बसल्या, तासभर नुसत्या डोंगराकडे बघत होत्या आणि मग त्यांचा डोळा लागला.

"एक माणूस बसलं!" टिपणीस माझ्या कानात म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघितलंत? एक तरी बसलं!"

ते दाराशी राखणीला उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला हातानेच थांबवत होते. पण चौबळांना कोण थांबवणार? पत्त्यांत चौथा हात कमी पडला म्हणून ते वहिनींना शोधत आले.

"अगं, झोपायला आलीस का इथे? अंधेरीत झोपायला जागा कमी होती?"

वहिनी दचकून उठल्या, बूट घालता घालता इकडेतिकडे बघायला लागल्या. काहीतरी चोरताना पकडल्यासारख्या. "नाही हो, जरा डोळा लागला," म्हणाल्या आणि आत गेल्या. घोंगडीची घडी टिपणिसांनी घातली.

चौथ्या दिवशी नाश्त्याला बंड झालं. चौबळ उभेच राहिले. "टिपणीस, तुम्ही आम्हाला फसवलंय."

"मी मुलुंडला सांगितलं होतं, चौबळसाहेब."

"सांगितलं होतं, पण खरंच असं कराल असं वाटलं नव्हतं! माझा साडू मे महिन्यात नऊ देश करून आला. बोरिवलीच्या त्यांच्या हॉलमध्ये पन्नास माणसांना स्लाइड दाखवल्या त्याने. मी काय दाखवू? एक डोंगर? सकाळचा डोंगर, दुपारचा डोंगर? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

मग सगळेच बोलायला लागले. कुणाच्या विहिणीला सांगायचं होतं, कुणाच्या साहेबाला. 'एवढे पैसे ओतलेत ते काय वाट बघत बसायला?' मला एका बाजूने त्यांचंही पटत होतं, काय खोटं बोलू. जन्मात एकदा येणार माणूस. गेल्यावर चार लोकांना सांगण्यात त्याची निम्मी ट्रिप असते. आणि दुसऱ्या बाजूने टिपणिसांचा पडलेला चेहरा बघवत नव्हता. असं दोन्हीकडून सँडविच झालं की मला रडू येतं, तसं आलं.

जयंतीभाईंना घाटकोपरला फोन लागला. ते इतके ओरडत होते की रिसीव्हर कानाला न लावताही मला ऐकू आलं. "बस लाव! आत्ताच्या आत्ता बस लाव!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बस आली. वेगळा व्हिसा लागत नव्हता असा एक चिमुकला शेजारी देश, दोन शहरं आणि एक धबधबा, सगळं एका दिवसात. माणसं उजाडायच्या आधीच तयार होऊन दारात. काय तो उत्साह! अंताक्षरी बसमध्ये चढायच्या आधीच सुरू झाली.

टिपणीस गच्चीच्या पायऱ्यांवर उभे होते. "तुम्ही न्या त्यांना, दळवी. मी इथेच."

"वेड लागलंय का? टूर मॅनेजर तुम्ही आहात!"

"मी यांना बसायला आणलं होतं."

मी हात जोडले, ओरडले, काही उपयोग नाही. तेवढ्यात चौबळवहिनी जिन्यावरून खाली आल्या. स्वेटर, पर्स, बूट, सगळं जय्यत. पण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, मी नाही आले तर चालेल का?"

टिपणिसांनी ते ऐकलं. एकदम दोन पायऱ्या खाली आले. "वहिनी, थांबा ना! अगदी खुशाल थांबा. मी आहे इथे, महाराज आहेत. तुमची खुर्ची मांडून देतो."

मी बघत होते. त्या बाईने एक पाऊल गच्चीकडे टाकलं होतं. खरोखर टाकलं होतं.

"सुमन! चल गं, खिडकी धरलीय तुझ्यासाठी!" बसमधून चौबळांची हाक आली.

वहिनी थांबल्या. टिपणिसांकडे बघून कसंनुसं हसल्या. "जाऊ दे हो भाऊ. नाही गेले तर परत गेल्यावर वर्षभर ऐकावं लागेल." आणि बसमध्ये चढल्या.

तो दिवस सगळ्यांच्या मते टूरमधला सगळ्यात छान दिवस. त्या चिमुकल्या देशात पैसे देऊन पासपोर्टवर शिक्का मारून मिळतो, तो सगळ्यांनी मारून घेतला. 'दोन देश झाले!' म्हणून बसमध्ये पेढे वाटले. माझं डोकं ठणकत होतं. उरलेले दिवसही बस धावतच राहिली.

परत आल्यावर जयंतीभाई फार बोलले नाहीत. तेही एका अर्थी शब्दाचे पक्के. "टिपणीस, वचन दिला होता ना तुमी?" टिपणीस म्हणाले, "हो." कंपनीने त्याच वर्षी अष्टविनायकाच्या बस सुरू केल्या होत्या. घाटकोपरहून शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी रात्री परत. दोन दिवसांत आठ गणपती. ते काम टिपणिसांना दिलं.

मी जयंतीभाई जेवायला गेल्याबरोबर टिपणिसांच्या टेबलावर हात आपटला. "सोडा ही नोकरी! अंधेरीला दहा टूर कंपन्या आहेत. तुमच्यासारखा माणूस कुणीही घेईल."

"शब्द दिलाय, दळवी."

"शब्द गेला खड्ड्यात! तुमच्या त्या डोंगराचं काय?"

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले आणि शेंगदाण्याची पुडी उघडली. त्या क्षणी ती पुडी खिडकीतून खाली भिरकावून द्यावी असं मला वाटलं.

पुढे माझं लग्न झालं, अंधेरीच्या एका एअरलाइनच्या ऑफिसात नोकरी लागली. घाटकोपरला जाणं सुटलं. दोन-तीन वर्षांनी माझ्या आईने अष्टविनायकाचा धोशा लावला. आई मालवणकडची. माझे वडील गिरणीत होते. ते गेल्यावर तिने चार घरची पोळ्याभाजी करून आम्हाला वाढवलं होतं. मुंबईत येऊन जन्म गेला, पण देवदर्शनालासुद्धा कुठे गेली नव्हती. मी मुद्दाम जयंतीभाईंच्याच बसची तिकिटं काढली. टिपणीस भेटतील म्हणून.

भेटले. केस पांढरे झाले होते, गळ्यात शिट्टी. मला बघून खूप आनंद झाला त्यांना. "अरे दळवी! आई का? नमस्कार आई." आणि लगेच शिट्टी वाजवून पुढे. मी दिवसभर बघत होते. गाडी थांबली की टिपणीस दारात. "पंधरा मिनिटं हं! दर्शन घ्या, प्रसाद घ्या, थेट गाडीत. चपला गाडीतच ठेवा, वेळ वाचतो." माणसं मोजत होते, हाका मारत होते, रांगेत पुढे घुसवत होते. फार सराईतपणे. गाडी एकदाही उशिरा सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिद्धटेकला पोचलो. दर्शन झालं. गाडीकडे निघालो आणि बघते तर आई मागे नाही. ती घाटाच्या पायऱ्या उतरून खाली गेली होती. शेवटच्या पायरीवर बसून पाय नदीत सोडले होते.

"आई, चल."

"जरा बसतंय गो हंय. बरां वाटता."

वर शिट्टी वाजली. मग पुन्हा वाजली. गाडीतून लोक ओरडायला लागले, 'ओ, कोण राहिलंय? अजून दोन गणपती आहेत!' आणि टिपणीस पायऱ्या उतरून खाली आले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी या माणसाच्या हट्टाला कंटाळले होते, त्याच्यावर चिडले होते, भांडले होते. आणि आत्ता माझा जीव नुसता तळमळत होता, की टिपणीस, करा हट्ट. एकदा करा. ओरडू दे लोकांना. म्हणा, बसा आई. तुम्हीसुद्धा बसा.

ते आईच्या मागे येऊन थांबले. त्यांनी नदीकडे बघितलं, पलीकडच्या काठाकडे बघितलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"चला आई. गाडी सुटतेय."

"दोन मिनटां रे बाबा."

"पुढच्या देवळात आरतीची गर्दी होते, आई. मग दर्शन नाही मिळत." त्यांनी हात पुढे केला. आईने तो धरला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. तिचे ओले पाय पुसायला मी पदर पुढे केला, तर ते म्हणाले, "राहू दे दळवी, गाडीत वाळतील."

गाडी निघाली. आई खिडकीतून नदी दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघत होती. मग माझ्याकडे वळून, तिला हळू बोलता येतच नाही त्या आवाजात म्हणाली, "बरो माणूस आसा गो तुझो सायब. पण घाई किती करता!"

टिपणीस पुढच्याच सीटवर बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.